हिंगोलीच्या वाटेवरील ठग आणि त्यांची खुणेची बोली

आज वाशीम जिल्ह्यात असलेले मालेगाव अकोल्याहून वाशीममार्गे हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांकडे जाईपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि याच रस्त्यावर पुढे हिंगोलीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची फौज छावणी करून होती. वाटसरूंशी सलगी करून, मोक्याच्या जागी रुमालाने त्यांचा गळा आवळणाऱ्या ठगांच्या टोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात वावरत होत्या. घरापासून दूर, परक्या मुलखात एका ठगाने दुसऱ्याला कसे ओळखावे आणि त्याच्या हाती आपला जीव कसा द्यावा, हा त्यांच्या धंद्यातला कळीचा प्रश्न होता.

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने 1836 साली कलकत्त्यात प्रसिद्ध केलेल्या ‘रामसीआना’ या ग्रंथात ठगांच्या ‘रामसी’ नावाच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे. समोरचा आपल्यातला आहे की नाही, हे पारखण्यासाठी ठग ‘औले भाई, रामराम’ असे अभिवादन करीत. ऐकणाऱ्या सामान्य माणसाला त्यात वावगे काही वाटत नसे, ठगाला मात्र खूण पटे. सावज ठरलेल्या वाटसरूला ते ‘बनिज’, म्हणजे व्यापाराचा माल, म्हणत, आणि गळा आवळण्याचा इशारा, ज्याला ‘झिरनी’ म्हणत, तो अनेकदा तंबाखू आणण्याच्या साध्या हुकमातून दिला जाई. टोळी दोन भागांत चालत असेल तर पुढचे लोक फाट्यावर पाय फरफटवून धुळीत रेघ ओढीत, मागच्यांनी घाईने यावे असे असल्यास रेघेच्या टोकाशी धुळीचा लहानसा ढीग करीत, आणि जिथे धूळ नसे तिथे दगडावर दगड ठेवीत.

तथापि केवळ बोलीने विश्वास निर्माण होत नाही. वाटसरूला भुलवणारा ‘सोथा’, त्याचे हात धरणारा ‘शमसिया’, गळा आवळणारा ‘भुरतोट’ आणि खड्डा खणणारा ‘लुघाई’ अशी कामे वाटलेली असल्याने प्रत्येकाचे हात प्रत्येक खुनात गुंतलेले असत, आणि लुटीत प्रत्येकाचा ठरलेला वाटा असे. कुदळीवर भवानी देवीच्या नावाने घेतलेली शपथ आणि खुनानंतर वाटलेला गूळ यांना स्लीमनने फार महत्त्व दिले. परंतु टोळीला बांधून ठेवण्यात देवीच्या भयापेक्षा या सामाईक अपराधाचा, नात्यागोत्याचा आणि वाटा घेऊन आसरा देणाऱ्या जमीनदारांचा भाग मोठा असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

बाहेरच्या जगाचा विश्वासही ठग तितक्याच कसोशीने मिळवीत. फिलिप मेडोज टेलर याने 1839 च्या आपल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरिसिंगाची हकिकत दिली आहे. हा प्रतिष्ठित व्यापारी म्हणून छावणीत ओळखला जाई. मुंबईहून कापड घेऊन एक व्यापारी येत असल्याचे कळताच त्याने इंग्रज अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्सकडून तसेच कापड आणण्याचा परवाना मिळवला, त्या व्यापाऱ्याला नोकरचाकरांसह ठार केले आणि तोच माल परवान्याच्या आधारे छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतः कबुली दिली नसती, तर हे कधीच उघडकीस आले नसते.

अशी टोळी फोडायला ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तिच्यातलीच माणसे वापरली. जीवदान मिळालेले ‘माफीचे साक्षीदार’ पुरलेली प्रेते दाखवू लागले, साथीदारांची नावे व वंशावळी सांगू लागले. रामसीचा कोशही त्यांच्याच तोंडून उतरला, म्हणून कैद्याने आपल्या पकडणाऱ्याला सांगितलेली माहिती या दृष्टीनेच तो सावधपणे वाचला पाहिजे. 1836 च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरवले, आणि ती टोळी कंपनीच्या मुलखाबाहेरची, म्हणजे निजामाच्या वऱ्हाडातलीही, असली तरी चालणार होते. विशिष्ट कृत्याऐवजी समूहाशी असलेला संबंधच गुन्हा मानण्याची हीच रीत 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवण्यापर्यंत गेली. हा अन्याय्य कायदा स्वतंत्र भारतात 1952 साली रद्द झाला.