काटकपणाच्या कौतुकाचे खंडन

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर मुलांच्या खेळाविषयी एक मत रूढ आहे. ही पोरे जन्मजात काटक; डोंगर चढून-उतरून त्यांचा दम आपोआप तयार होतो; त्यांतली गुणी तेवढी हेरावीत, बाकीचे काम रक्तच करील. शहरातील वस्त्यांबद्दलही असेच बोलले जाते: गल्लीत खेळूनच तिथली पोरे घडतात. हे मत कौतुकाचे वाटते, म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे.

या मतात तथ्याचा अंश आहे. रोज घाटवाट तुडवणाऱ्या मुलाच्या पायांत बळ येते, हे खरे. परंतु बळ म्हणजे खेळ नव्हे. दहा हजार मीटरच्या शर्यतीत वेग कसा वाटायचा, दुखापत कशी टाळायची, कोणत्या महिन्यात किती सराव करायचा, हे डोंगर शिकवत नाही.

या मताचा आवडता दाखला धावपटू कविता राऊत यांचा. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे त्यांचे टोपणनाव उच्चारताच पाण्यासाठी केलेली पायपीट सांगितली जाते. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली केलेला वर्षानुवर्षांचा सराव मात्र सांगायचा राहून जातो. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतील रौप्य त्या सरावातून आले. पाणी वाहणाऱ्या मुली सह्याद्रीत हजारो आहेत. पदक त्यांतल्या प्रशिक्षक मिळालेल्या मुलीला लाभले.

दुसरा आधार केनियाच्या डोंगराळ भागातील धावपटूंचा. तिथले इटेन गाव सुमारे 2400 मीटर उंचीवर आहे. आपल्याकडचे भीमाशंकरचे पठार साधारण 1000 मीटरवर. विरळ हवेचा लाभ एवढ्या उंचीवर मिळत नाही. आणि खुद्द इटेनमध्येही नुसती उंची पुरली नाही. आयर्लंडहून आलेले ब्रदर कोल्म ओकॉनेल 1976 पासून तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत मुलांना घडवत राहिले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचा विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशा त्यांचाच शिष्य.

रक्ताच्या सिद्धान्ताची परीक्षा आपल्या देशातही झाली आहे. 1987 च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने आफ्रिकी वंशाच्या सिद्दी मुलांना वसतिगृहात आणून प्रशिक्षण दिले. सराव आणि आहार मिळत होता तोवर त्यांनी राष्ट्रीय पदके मिळवली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस ही योजना गुंडाळली गेली आणि अनेकांना पुन्हा मजुरीकडे वळावे लागले. रक्त तेच होते. काढून घेतली गेली ती व्यवस्था.

या मताचा खरा तोटा पुढेच आहे. मूल जन्मतःच तयार मानले, की त्याला मैदान, प्रशिक्षक आणि सकस आहार देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. भीमाशंकरला पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर सराव जवळपास अशक्य असतो. उन्हाळ्यात विक्रीसाठी रानातला हिरडा गोळा करायचा असतो. घरची माणसे नारायणगावच्या मजूर बाजारात कामासाठी जातात. अंगात लोह कमी असेल, तर काटक मुलाचाही दम तुटतो. या अडचणींवर काटकपणा हा उपाय नाही.

मग करावे काय? नागपूरच्या ‘स्लम सॉकर’चा मार्ग विचारात घ्यावा. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहून क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये हे काम उभे केले. एखादा हिरा वेचून नेणे हा त्याचा पाया नव्हता. वस्तीतल्या मुलांपर्यंत फुटबॉल नेणे हा होता. डोंगरी भागालाही हेच लागू आहे. मूठभर मुले हेरणारी निवड-चाचणी म्हणजे क्रीडा कार्यक्रम नव्हे.

म्हणून घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाकडे, जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आणि पालकांकडे आग्रहाची मागणी आहे: प्रत्येक आश्रमशाळेत पूर्णवेळ क्रीडाशिक्षक, पावसाळ्यासाठी छप्पर असलेली सरावाची जागा, वर्षातून दोनदा रक्ततपासणी, रोजच्या ताटात अंडी-डाळी, आणि मुलींसाठी मुलांइतकाच मैदानाचा वेळ. हे सारे दिल्यावर कोण जिंकतो ते पाहावे. तोवर या मुलांच्या काटकपणाचे कौतुक करण्याचा अधिकार आपल्याला नाही.