विशेषणांमधला स्वल्पविराम

इंग्रजीत दोन विशेषणांमध्ये स्वल्पविराम कधी द्यावा, हा प्रश्न आज अर्थाचा मानला जातो. अठराव्या शतकात तो बराचसा श्वासाचा होता. रॉबर्ट लोथने १७६२ च्या व्याकरणात विरामचिन्हांना जणू मात्राच नेमून दिल्या: स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम, त्याच्याही दुप्पट पूर्णविराम. हेच प्रमाण मानणाऱ्या लिंडली मरेच्या व्याकरणाने (१७९५) एका नामाची विशेषणे स्वल्पविरामाने वेगळी करावीत, असा सरळ नियम घातला.

मग ‘लिटल ओल्ड लेडी’चे काय? येथे ‘ओल्ड लेडी’ आधीच एकजीव झालेली असते आणि ‘लिटल’ त्या जोडीला लागते. म्हणून स्वल्पविराम नाही. उलट ‘लाँग, टीडियस लेक्चर’मध्ये दोन्ही विशेषणे (बिचाऱ्या!) व्याख्यानावर सारख्याच हक्काने तुटून पडतात. त्यांची अदलाबदल करा, मध्ये ‘अँड’ घाला, काही बिघडत नाही.

ही कसोटी वर्गात उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु तीच अठराव्या शतकातील गद्याला लावून संपादक तेथील ‘जादा’ स्वल्पविराम गाळतात, तेव्हा मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेल्या वाक्याची लयही मजकुरातून नाहीशी होते.