कोचावर आडवा केलेला देश

तुम्ही जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असाल, तर हा अनुभव बहुतेक आला असेल. कँटीनमध्ये कुणीतरी सहज म्हणतं, "तुमच्या सिनेमात एवढी नाचगाणी! तुम्हा लोकांना वास्तवापासून पळायची सवयच दिसते." आपण हसून विषय बदलतो. पण सिनेमावरून अख्ख्या समाजाचं मन वाचायची ही खोड जुनी आहे, आणि तिचा सगळ्यात गाजलेला प्रयोग झाला तो जर्मनांवरच.

त्याआधी एका माणसाची गोष्ट. मार्च १९२६ मध्ये बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्टमध्ये एक मूकपट लागला: 'गेहाइमनिसं आइनर झेले', म्हणजे 'एका आत्म्याची गुपितं'. दिग्दर्शक गे. वि. पाब्स्ट. नायक एक रसायनशास्त्रज्ञ. त्याला एके दिवशी सुऱ्यांची भीती वाटू लागते. आपण बायकोला मारून टाकू, असं वाटून तो जेवताना सुरीलाही हात लावत नाही. गंमत म्हणजे या भीतीच्या मुळाशी आपलंही नाव आहे बरं का. बायकोचा नात्यातला भाऊ भारतातून परत येणार असतो आणि भेट म्हणून आधीच एक मूर्ती आणि एक शस्त्र पाठवतो. नायकाच्या स्वप्नात तो झाडावर बसलेला दिसतो, डोक्यावर साहेबी टोपी! पुढे नायक आपली किल्ली कॅफेत विसरतो, तिथला एक डॉक्टर ती आणून देतो आणि म्हणतो, तुम्हाला घरात जायचंच नाहीये. मग उपचार, आठवणी आणि शेवटी बरं होणं.

या चित्रपटाचे सल्लागार खरेखुरे मनोविश्लेषक होते: कार्ल अब्राहम आणि हान्स झाक्स. अब्राहम प्रदर्शनाआधीच, १९२५ च्या नाताळात वारले. झाक्सनी प्रेक्षकांसाठी एक पुस्तिका लिहिली. खुद्द फ्रॉइड मात्र या भानगडीत पडले नाहीत. हॉलिवूडचे सॅम्युअल गोल्डविन यांनी देऊ केलेले एक लाख डॉलर त्यांनी नाकारले होतेच. अब्राहमनाही त्यांनी कळवलं की आपल्या संकल्पना अमूर्त आहेत, त्या चित्रात नीट उतरतील असं मला वाटत नाही. म्हणजे सिनेमा आणि मनोविश्लेषण यांच्या लग्नाला पहिला विरोध मुलीच्या बापाचाच! आणि सिनेमा पाहिलात तर त्यांचं म्हणणं पटतं. स्वप्नाचे प्रसंग आजही अंगावर येतात, पण उपचार फारच सुबक वाटतात. गाठ सुटली, सुरी हातात आली, संपलं.

आता देशाकडे येऊ. झिगफ्रीड क्राकाउअर फ्रँकफुर्टचे. तिथल्या वृत्तपत्रात सिनेमावर लिहायचे. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना पॅरिसला पळावं लागलं, १९४१ मध्ये न्यूयॉर्कला. तिथे त्यांनी लिहिलेलं 'कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत' हे पुस्तक १९४७ मध्ये इंग्रजीत आलं. त्यांचं म्हणणं असं: सिनेमा एकटा माणूस बनवत नाही आणि तो अनोळखी गर्दीसाठी असतो, म्हणून त्यात समाजाच्या मनाचा तळ उमटतो. 'कॅलिगारी'तल्या डॉक्टरचं ऐकून झोपेत खून करणारा माणूस त्यांना पुढच्या जर्मनांचा नमुना वाटला. ज्यांनी आपल्याला देशाबाहेर घालवलं, त्यांना समजून घ्यायची ही धडपड होती. ती हलक्यात घेऊ नका.

तरीही टीकाकारांचा मुद्दा मला वजनदार वाटतो. शेवट माहीत असलेला माणूस मागे बघतो, तेव्हा प्रत्येक सावलीत त्याला हिटलर दिसणारच. १९७९ मध्ये बॅरी सॉल्टनी दाखवून दिलं की खरे अभिव्यक्तीवादी म्हणावेत असे चित्रपट त्या काळात मूठभरच होते. थॉमस एल्सेसर यांनी स्टुडिओ, बाजार, निर्यात यांची बाजू पुढे आणली. १९७० च्या दशकात ख्रिस्तियान मेट्झ आणि लॉरा मल्वी यांनी मनोविश्लेषणाचा रोख प्रेक्षकाच्या नजरेकडे वळवला. तरी तक्रार तीच राहिली, की हा प्रेक्षक कोण, त्याला कधी कुणी विचारलंय का?

आपल्याकडचं एक उदाहरण घ्या. 'प्रभात'च्या 'सैरंध्री'चं रंगीत काम करून घ्यायला शांताराम जर्मनीत आले होते. नंतर १९३४ चा 'अमृतमंथन' पाहा: काळ्याभोर सावल्या, पडदा व्यापणारा राजगुरूचा डोळा. सगळं बर्लिनच्या स्टुडिओतलं वाटावं असं. मग पुण्याचा आत्माही हुकूमशहाची वाट बघत होता म्हणायचं का? की दिवे, भिंगं आणि कसब देशोदेशी फिरतात, एवढंच? शिवाय त्या सिनेमात राजगुरूचा पराभव होतो.

क्राकाउअरचं पुस्तक जर्मनांना त्यांच्या भाषेत १९५८ मध्ये मिळालं, पण कापून, राजकीय धार बोथट करून. अखंड भाषांतर यायला १९७९ उजाडलं.