इंजिनाची पुली : घरच्या गॅरेजमधला इतिहास

मोटारीच्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला एक पुली बसवलेली असते. तिच्यावरून जाणारा पट्टा पाण्याचा पंप, अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. त्यासाठी खर्च होणारी शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. पुलीचा व्यास बदलला की या यंत्रांचा वेग बदलतो आणि त्यांना लागणारी शक्तीही बदलते. या साध्या हिशेबावर अमेरिकेत एक प्रथा रुजली : कंपनीची पुली काढायची आणि दुसऱ्या उत्पादकाची पुली घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बसवायची. कंपनीने बसवलेला भाग नेमकी कोणकोणती कामे करत होता, हे गाडीमालकांना या प्रथेतूनच हळूहळू उमगत गेले.

सुरुवातीच्या मोटारींत रेडिएटरचा पंखा चामड्याच्या पट्ट्याने फिरत असे. हा पट्टा ओलाव्याने सैल पडे आणि तेल लागले की घसरे. 1917 मध्ये डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी खाचेत घट्ट रुतणारा रबरी व्ही-पट्टा तयार केला आणि हा त्रास मिटला. त्याच काळात फोर्डची मॉडेल टी घरोघरी पोहोचत होती. 1908 ते 1927 या काळात तिच्या सुमारे दीड कोटी गाड्या बनल्या. गावात मेकॅनिक असेलच याची खात्री नसल्याने शेतकरी मालक ती स्वतःच खोलत आणि जोडत. तिच्यासाठी इतर उत्पादकांनी बनवलेले भाग टपालाने मागवता येत. बाहेरचा भाग घरी बसवण्याची सवय अशी लागली.

या सवयीला वेगाची ओढ लागली ती 1932 च्या फोर्ड व्ही-8 इंजिनानंतर. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या, स्वस्त गाड्यांत हे इंजिन बसवून म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर शर्यती लावत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांवर हात बसलेले अनेक सैनिक घरी परतले. उपनगरांत गॅरेज असलेली घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले आणि मूठभरांपाशी असलेली माहिती देशभरातल्या गॅरेजांत पोहोचली.

पुलीचे महत्त्व सर्वप्रथम कळले ते सुपरचार्जरमुळे, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्रामुळे. जनरल मोटर्सच्या 6-71 डिझेल इंजिनावरचा हवा ढकलणारा ब्लोअर काढून शर्यतीच्या गाड्यांचे मालक तो व्ही-8 वर बसवत. क्रँकवरची पुली आणि ब्लोअरवरची पुली यांच्या प्रमाणावर हवेचा दाब ठरे. हवामान, इंधन आणि शर्यतीचे अंतर पाहून पुली बदलली जाई. इंजिन न उघडता त्याची ताकद कमी-जास्त करण्याचा हा मार्ग होता.

1963 मध्ये सुट्या भागांच्या उत्पादकांनी ‘सेमा’ ही संघटना स्थापन केली. 1970 च्या क्लीन एअर कायद्याने धुरावर मर्यादा आणली आणि 1973 च्या तेलसंकटाने मोठ्या इंजिनांची सद्दी संपवली. नव्या गाड्यांची ताकद झपाट्याने घटली, त्यामुळे थोडीशी वाढही मोलाची ठरू लागली. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ग्राहकाची बाजू बळकट केली. केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला एवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येणार नव्हती; मात्र त्याच भागामुळे झालेले नुकसान भरून देण्याचे बंधन कंपनीवर नव्हते.

1979 च्या फोर्ड मस्टँगमध्ये पंप, अल्टरनेटर अशा सर्व जोडयंत्रांभोवती फिरणारा एकच, अनेक बारीक खाचांचा सर्पिल पट्टा आला. आधी प्रत्येक व्ही-पट्टा अल्टरनेटर किंवा पंप पहारीने रेटून ताणावा लागे. आता स्प्रिंगचा टेन्शनर हे काम आपोआप करू लागला. पुढे 1980 च्या दशकात 5.0 लिटरची मस्टँग लोकप्रिय झाली आणि ‘अंडरड्राइव्ह’ पुल्यांचा बाजार फुलला. या संचात क्रँकची पुली लहान, तर पाण्याच्या पंपाची आणि अल्टरनेटरची पुली मोठी असे.

हिशेब असा : केवळ क्रँकची पुली 150 मिलिमीटरवरून 112.5 मिलिमीटर केली तर जोडयंत्रांचा वेग पाऊणपट होतो. पाण्याच्या पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती सुमारे 42 टक्क्यांवर येते. पण अल्टरनेटरही मंदावतो. लाल सिग्नलला दिवे, पंखा आणि एसी चालू असताना बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होऊ लागते. उन्हाळ्यातल्या वाहतूक कोंडीत इंजिन तापते. चाकांना मिळालेली शक्ती थंडावा आणि वीज यांच्या वाट्यातून काढलेली असते.

5.0 मस्टँगवर हे काम सोपे होते. बॅटरीची तार काढायची, लांब दांड्याने टेन्शनर मागे खेचून पट्टा उतरवायचा आणि क्रँकपुलीचे चार बोल्ट सोडायचे. नवी पुली बसवून बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंत आवळायचे. सरळ पट्टी धरून सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत ना हे पाहायचे, कारण थोडा जरी फरक राहिला तरी पट्टा आवाज करतो आणि कडेने झिजतो. शेवटी इंजिन चालू करून, दिवे लावून व्होल्टमीटरवर नजर ठेवायची.

या सोपेपणाचे एक कारण फारसे लक्षात येत नसे. त्या इंजिनात कंपने शोषणारा डॅम्पर वेगळा होता आणि पुली त्यावर बोल्टने जोडलेली होती; पुली बदलली तरी डॅम्पर जागेवरच राही. 1990 च्या दशकात होंडा सिव्हिकसारख्या लहान गाड्या सजवणारी पिढी पुढे आली. त्या इंजिनांत पुली आणि डॅम्पर एकाच तुकड्यात होते. मधला अतिशय घट्ट बोल्ट सोडताना पुली धरून ठेवायला खास षट्कोनी अवजार लागे. आणि तिच्या जागी हलकी, अखंड ॲल्युमिनियमची पुली बसवली की डॅम्परही निघून जाई.

प्रत्येक सिलिंडरच्या स्फोटासरशी क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि परत उसळतो. ठरावीक वेगाला ही पिळवट वाढत जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी ती शमवणारा डॅम्पर रचला होता. आजच्या पुलीत आतले लोखंडी केंद्र आणि बाहेरचे कडे यांच्यामधला रबराचा थर हे काम करतो. हा थर गेला की ऑइल पंपाची चक्रे आणि बेअरिंग यांवर ताण येतो. काही इंजिनांत क्रँकशाफ्टही तुटू शकतो. शर्यतींसाठी म्हणूनच एसएफआय 18.1 या मानकाचे डॅम्पर आले, आणि जाणकार उत्पादक लहान व्यासाच्या पुलीतही डॅम्पर ठेवू लागले.

1990 च्या दशकातच सुपरचार्जर अधिकाधिक गाड्यांत कारखान्यातूनच बसून येऊ लागले आणि जुनी शर्यतीची युक्ती घरगुती झाली. 1997 च्या पाँटियाक ग्रँड प्री जीटीपीच्या सुपरचार्जरवर 3.8 इंचांची पुली होती. ती काढून 3.4 इंचांची दाबून बसवली की सुपरचार्जर सुमारे 12 टक्के अधिक वेगाने फिरे. त्याबरोबर हवेचा दाब आणि उष्णता वाढे, म्हणून उच्च ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे आणि नॉकिंगवर, म्हणजे इंधन अवेळी पेटण्यावर, लक्ष ठेवणे भाग होते.

पुढे पॉवर स्टिअरिंग विजेवर चालू लागले आणि पट्ट्यावरचा भार घटला. 2010 मॉडेलच्या टोयोटा प्रियसमध्ये एसीच्या कॉम्प्रेसरपाठोपाठ पाण्याचा पंपही विजेवर गेला. तिच्या इंजिनाला जोडयंत्रांचा पट्टाच उरला नाही. अशा गाड्यांत अंडरड्राइव्ह पुलीला वाचवण्यासारखे काही राहत नाही. ही प्रथा आज मुख्यतः जुन्या व्ही-8 आणि पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरच्या गाड्यांत टिकून आहे. तिथेही पुली निवडताना आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : डॅम्पर शाबूत राहतो का, आणि मंद गतीला अल्टरनेटर पुरेशी वीज देतो का.