गॅरेजला पोचली की बरी होणारी गाडी

रायपूरच्या गोल बाजारात मोटार नेणं कधीच शहाणपणाचं नव्हतं. किराणा, भांडी, पूजेचं सामान, लग्नाचा बस्ता अशा दुकानांच्या गर्दीत हातगाडीलासुद्धा वाट काढावी लागते. मोटारवाले बाहेर मालवीय रोडवरच रेंगाळतात: पहिला गियर, ब्रेक, पुन्हा पहिला गियर. मे महिन्यात इथला पारा अनेकदा चव्वेचाळीसच्या आसपास जातो. जुन्या अँबॅसिडरला किंवा फियाटला छळायचं असेल तर याहून चांगली जागा नाही. अशा वेळी इंजिन मधेच मरतं, कितीही सेल्फ मारला तरी उठत नाही, आणि अर्ध्या तासाने, कुणी काही न करता, पहिल्याच झटक्याला सुरू होतं. मेकॅनिकसमोर उभी केली तर ठणठणीत. डॉक्टरच्या दारात पाय ठेवला की ताप उतरावा, तसला प्रकार.

कायमचा बिघाड कुणीही शोधतो. फ्यूज उडाला, वायर तुटली, बल्ब गेला, की ते दिसतं. खरी परीक्षा घेतो तो येता-जाता बिघाड. मेकॅनिकपासून वेगळा असा ऑटो इलेक्ट्रिशियन या देशात उभा राहिला, त्यात या बिघाडाचा वाटा मोठा आहे असं मानायला हरकत नाही.

रायपूर अशा पेशाला सोयीचं गाव होतं. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, मग इंग्रजांचा मध्य प्रांत. १९५६ पर्यंत इथल्या माणसाची राजधानी नागपूरच होती. गोल बाजारापासून जवळच असलेला तात्यापारा ही त्या मराठी काळाची खूण. नागपूरहून राजनांदगाव, दुर्ग करत येणारा ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा जी. ई. रोड, जयस्तंभ चौकातून पुढे कलकत्त्याच्या दिशेला जातो. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि या रस्त्यावर ट्रकांची रीघ लागली. रात्रंदिवस हादरे खाणारी वायरिंग आणि घाईत असलेला ड्रायव्हर, एवढं जमलं की इलेक्ट्रिशियनचं दुकान आपोआप चालतं.

सुरुवातीच्या मोटारींत वीज फारशी नव्हतीच. दिवे कार्बाइडचे, ठिणगी मॅग्नेटोची, इंजिन हँडल मारून चालू करायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांची ठिणगीची व्यवस्था बसवली आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ दिला. हँडल गेलं, पण गाडीत शेकडो सांधे आले. केटरिंगची ती रचना भारतातल्या पेट्रोल गाड्यांत पुढे जवळजवळ शतकभर टिकली. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर त्यातले सीबी, म्हणजे काँटॅक्ट ब्रेकर, पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. प्रत्येक वेळी तिथे उडू पाहणारी ठिणगी गिळायची, हे बोटाच्या पेराएवढ्या कंडेन्सरचं काम.

गरम झाल्यावर हाच कंडेन्सर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागतो. इग्निशन कॉइलचंही तेच. घोटाळा असा की पेट्रोलचंही तेच! तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरला पुरवठा थांबतो. लक्षण अगदी सारखं: गरम झाली की बंद, निवली की चालू. म्हणून रस्त्याकडेला बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकलेली गाडी हे उन्हाळ्यातलं नेहमीचं दृश्य होतं. फडक्याने गाडी सुरू व्हायची खरी, पण दोष पंपाचाच होता हे त्यातून सिद्ध होत नसे. तेवढ्या वेळात कंडेन्सरही निवलेला असायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची परंपरा इथूनच पडली. पंप बदलला, मग कॉइल बदलली, मग डिस्ट्रिब्युटर कॅप, आणि पुढच्या रविवारी गाडी पुन्हा भर बाजारात उभी.

जाणता इलेक्ट्रिशियन फडक्याआधी एक गोष्ट करायचा. गाडी बंद असतानाच, ती निवायच्या आत, प्लगची जाड वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून थोडं दूर धरायचं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडकडीत ठिणगी उडाली तर वीज निर्दोष, पेट्रोलकडे बघा. ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. दोन मिनिटांचं काम, पण ते त्या दोन मिनिटांतच करावं लागतं. ते हुकलं की हाती उरते फक्त ड्रायव्हरची कहाणी.

ही कहाणी नीट काढून घेणं, हे या धंद्यातलं निम्मं कौशल्य. गाडी चढावर बंद पडली की खड्ड्यात? दिवे लावल्यावर की हॉर्न वाजवल्यावर? पावसानंतर की धुऊन आणल्यावर? मालकाला हे प्रश्न वेळकाढूपणाचे वाटतात. पण उष्णता, हादरा, ओल आणि लोड या चारांपैकी एक कारण पकडता आलं की मग बिघाड मुद्दाम घडवून आणता येतो: हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, हाताने हलवून, रिलेवर पेचकसाची मूठ ठोकून, संशयित भाग तापवून, वायरिंगवर पाण्याचा शिपकारा मारून.

वायरिंग वाचायला विलायती गाड्यांनी एक लिपी दिली होती. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या रंगपद्धतीत बॅटरीतून थेट येणारी वायर तपकिरी, इग्निशनची पांढरी, इग्निशननंतर फ्यूजमधून जाणारी हिरवी, हेडलाइटची निळी, साइड लाइटची लाल आणि अर्थची काळी. अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, म्हणून ही लिपी इथेही आली. १९६१ साली मद्रासजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएस उभी राहिली आणि डायनामो व सेल्फ बनवू लागली. इंग्लंडात लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हिणवत, ते काहीसं अन्यायाचं. दोष बऱ्याचदा यंत्राचा नसून सांध्याचा असे, आणि त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत संपूर्ण वायरिंगला मिळून फ्यूज दोनच असत.

बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचा एक स्वभाव मात्र बाजाराला मानवणारा नव्हता. इंजिन हळू फिरत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. दिवे लावून, इंच इंच सरकत संध्याकाळ काढली की बॅटरी बसते, आणि दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर तासभर पळवली की सगळं छान. मालकाच्या दृष्टीने ही भुताटकी. प्रत्यक्षात साधा जमाखर्च. आयडलिंगलाही चार्ज करणारा अल्टरनेटर आल्यावरच हे दुखणं हटलं.

हत्यारांचा इतिहास याला समांतर चालतो. १९२३ साली ब्रिटिश टपाल खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या अभियंत्याने व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारी यंत्रं एकाच पेटीत आणली, तो एव्होमीटर. आपल्याकडे नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीच्या मल्टिमीटरवर आयटीआयच्या कितीतरी मुलांनी हात बसवला. तरीही रस्त्यावरचा इलेक्ट्रिशियन दोन वायरी जोडलेला बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, सोडायला तयार नव्हता. आयटीआयवाल्यांना त्यात अडाणीपणा दिसे. हिशेब मात्र बल्बवाल्याच्या बाजूने लागतो.

हेडलाइटच्या कपलरमध्ये हिरवा गंज चढून दोन ओहमचा अडथळा तयार झालाय असं धरू. मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावला तर तो खुशाल पीं करतो, कारण त्याचा करंट नगण्य असतो. ५५ वॅटच्या बल्बचा स्वतःचा अवरोध जेमतेम अडीच ओहम. म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टपैकी निम्म्याच्या जवळपास वाटेतच जिरतात आणि दिवा मिणमिणतो. सेल्फ तर दीडशे अँपिअर सहज ओढतो. तिथे अर्थच्या लगवर एक शतांश ओहम वाढला तरी दीड व्होल्ट गेला. लोड दिल्याशिवाय असा सांधा उघडा पडत नाही. टेस्ट लॅम्पमधला २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, मल्टिमीटर मागत नाही. मीटरनेही हे सापडतं, पण मग दिवा किंवा सेल्फ चालू असताना सांध्याच्या दोन बाजूंमधले व्होल्ट मोजावे लागतात.

१९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रदूषणाच्या नियमांनी कार्ब्युरेटर हटवून एमपीएफआय, म्हणजे संगणकाने चालणारं पेट्रोलचं इंजेक्शन, आणलं. पॉइंट आणि कंडेन्सर गेले, पण बिघाडाने फक्त घर बदललं. आता क्रँकशाफ्टचा सेन्सर गरम झाला की गप्प बसतो आणि निवला की बोलू लागतो. गाडी सिग्नलला बंद, वीस मिनिटांनी चालू. आजोबांच्या फियाटची तक्रार नातवाच्या गाडीत जशीच्या तशी.

बदललं ते हे की गाडीला स्वतःची आठवण आली. ओबीडी ही गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवण्याची व्यवस्था; अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ सक्तीची झाली. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडी २०१० पासून आणि तिचा दुसरा टप्पा २०१३ पासून. बिघाड घडला त्या क्षणी इंजिनचे फेरे, तापमान, वेग किती होता हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, टिपून ठेवतो. ड्रायव्हरच्या कहाणीची जागा या नोंदीने घेतली, पण पूर्ण नाही. पुष्कळ दोषांसाठी गाडीच्या दोन सलग फेऱ्यांत बिघाड दिसल्याशिवाय डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागत नाही. शिवाय पी०३३५ हा कोड सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, सेन्सर मेला की उंदराने त्याची वायर कुरतडली हे सांगत नाही. स्कॅनर लावून कोड वाचायचा आणि त्या नावाचा भाग बदलायचा, ही जुन्या पंप-कॉइल-कॅप परंपरेचीच संगणकीय आवृत्ती.

येता-जाता बिघाड जिवावर कसा बेततो, हे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचने दाखवलं. धक्का बसला किंवा किल्ल्यांचा जड जुडगा लोंबकळला की किल्ली आपोआप मागे सरके. इंजिन बंद, एअरबॅगही बंद. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. इतकी वर्षं हा दोष सापडला नाही याचं एक कारण फार साधं होतं. २००६ साली स्विच सुधारला, पण त्याचा पार्ट नंबर तोच ठेवला. एका मृत तरुणीच्या कुटुंबाच्या वतीने तपास करणाऱ्या अभियंत्याने तिच्या गाडीतला स्विच आणि नवा विकत आणलेला स्विच शेजारी शेजारी खोलले, तेव्हा आतल्या दांडीच्या लांबीत सुमारे १.६ मिलिमीटरचा फरक निघाला.

आता विजेच्या गाड्यांत नारिंगी केबलमधून शेकडो व्होल्ट धावतात. तिथे हार्नेस हलवून बघणं जिवाशी खेळ आहे. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. पण याच गाड्यांत दिवे, दारं, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे काँटॅक्टर चालवायला बारा व्होल्टची छोटी बॅटरी अजून असते. ती उतरली किंवा तिची अर्थ सैल झाली की तीनशे किलोमीटर धावण्याइतकी वीज पोटात असूनही गाडी जागची हलत नाही. अशा वेळी गल्लीतला इलेक्ट्रिशियन येतो, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतो, लग घासून आवळतो आणि टेस्ट लॅम्प लावून बघतो.