गांजाचा औषधी वापर : कायदा आणि वाद

कर्करोग, अपस्मार यांसारख्या गंभीर आजारांत रुग्णाचा त्रास कमी करण्यासाठी गांजाच्या झाडातील द्रव्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरू द्यावीत काय, हा वादाचा विषय.

कायदा : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यानुसार झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा व राळ म्हणजे चरस. नुसती पाने (भांग) व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. एक किलोपर्यंत गांजा ही अल्प मात्रा. वीस किलोंहून अधिक साठ्यास दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी होते. मात्र कलम ८ ने वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठी वाट मोकळी ठेवली असून कलम १० नुसार राज्यांना परवाने देता येतात.

गोव्यातील प्रस्ताव : डिसेंबर २०२० मध्ये औषधी लागवडीच्या प्रस्तावाला गोव्याच्या कायदा खात्याने अनुकूलता दर्शवली. पर्यटनाच्या आडून अमली पदार्थांचा व्यापार आधीच फोफावलेल्या राज्यात विरोधी पक्षांनी टीकेची झोड उठवली आणि प्रस्ताव बारगळला. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. भारताने बाजूने मत दिले.

वैद्यकीय बाजू : लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावरील शुद्ध सीबीडीच्या (झाडातील नशा न आणणाऱ्या द्रव्याच्या) औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर कृत्रिम टीएचसीच्या (नशा आणणाऱ्या द्रव्याच्या) गोळ्या तेथे १९८५ पासून आहेत. जुनाट वेदनांबाबतचा पुरावा तुलनेने तोकडा आहे. चिलमीतल्या गांजाची मात्रा ठरवता येत नाही, आणि तरुणांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे आक्षेप खरे आहेत. मात्र ते प्रमाणित औषधाला त्याच जोराने लागू होत नाहीत.

मॉर्फिनचा धडा : वेदनाशामक मॉर्फिन औषध म्हणून कायदेशीरच होते, पण निरनिराळ्या परवान्यांच्या जाचामुळे दवाखाने ते ठेवीनात. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांना त्याची झळ बसली. अखेर २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आले. म्हणून गांजाबाबतही नुसती कलमातली मुभा पुरेशी नाही. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावातील रुग्णालाही प्रमाणित औषध जवळच्या शासकीय रुग्णालयात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, नोंद ठेवून मिळाले पाहिजे. तशी व्यवस्था उभारणे हे सरकारचे कर्तव्य आहे.