गादीच्या आत मुरलेला वास

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या मोटारींत दोन जातींच्या गाद्या असत. पुढे, उघड्यावर बसणाऱ्या शोफरसाठी चामड्याची. मागे, काचांनी बंद केलेल्या भागात मालक-मालकिणीसाठी उंची लोकरी कापडाची. चामडं आज श्रीमंतीची खूण म्हणून मिरवलं जातं, पण त्या काळी मोटारीत ते नोकराच्या वाट्याला येई. कारण साधं होतं. शोफरच्या अंगावर पाऊस यायचा, चिखल उडायचा, इंजिनाचं तेल त्याच्या कपड्यांना लागलेलं असायचं. चामडं ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. लोकरीवर तेलाचा थेंब पडला, तर तो काढायला माणूस आणि वेळ दोन्ही लागत, आणि मालकांकडे दोन्ही भरपूर होतं.

ही वाटणी घोड्याच्या बग्गीतून मोटारीत आली आणि तिच्यासोबत साफसफाईची विद्याही आली. चामड्याला सॅडल सोप. लोकरीवरच्या तेलकट डागाला मुलतानी मातीची पूड: ती डागावर पसरायची, तेल शोषू द्यायचं आणि मग ब्रशनं झाडून टाकायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यात पाण्याविना धुलाईची भर पडली. पॅरिसमध्ये जॉली यांच्या दुकानात टर्पेंटाइनसारख्या द्रवांनी कपडे धुतले जाऊ लागले, पुढे बेंझिन आणि पेट्रोल आलं. तेलाचा डाग तेलाच्याच भावकीतला द्रव सोडवतो, हे यामागचं तत्त्व. पण पेट्रोलची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. पेट्रोलनं कापड पुसण्याच्या नादात लोक भाजले, दुकानं जळाली.

गाडीच्या सीटचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या कटकटीतून सुटण्याचा प्रयत्न आहे. दर पिढीनं वरचं आवरण बदललं, जेणेकरून डाग धरू नये. डागाच्या बाबतीत ते पुष्कळ साधलंही. वासाच्या बाबतीत मात्र नाही, कारण वास आवरणात राहतच नाही. तो आवरणाखालच्या भरणात राहतो. मुंबईइतकी या गोष्टीची परीक्षा क्वचितच दुसऱ्या शहरानं घेतली असेल.

मुंबईत टॅक्सी १९११ मध्ये आली, घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या रस्त्यावर भरात असतानाच. या शहरात खऱ्या चामड्याचे हाल ठरलेले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढते, शिवणी कुजतात. लोकरीचं तर नावच नको. त्यामुळे इंग्लंडहून आलेलं नकली चामडं इथं घरच्यासारखं रुळलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातली रेक्झिन नावाची कंपनी ते बनवत असे, आणि कंपनीचं नावच पुढे मालाचं नाव झालं. कापडावर नायट्रोसेल्युलोजच्या मिश्रणाचे थर चढवायचे, रंग घालायचा, वर चामड्यासारखी नक्षी दाबायची, ही त्याची कृती. इंग्रजी मोटारी, रेल्वेचे डबे, पुस्तकांच्या बांधण्या अशा ठिकाणी ते सर्रास वापरलं जाई. त्याला साबणाचं पाणी चाले. ॲसिटोन मात्र वर्ज्य, कारण नेलपॉलिशमध्येही हेच नायट्रोसेल्युलोज असतं आणि ते ॲसिटोननंच उतरतं.

हे रेक्झिन पुढे मागे पडलं आणि त्याच नावाखाली दुसराच पदार्थ बाजारात नांदू लागला. पीव्हीसी हे मुळात कडक, ठिसूळ प्लास्टिक. १९२६ मध्ये अमेरिकेच्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी त्यात मऊपणा आणणारे द्रव मिसळून ते लवचीक करून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सीटा, सोफे, पर्सा यांवर तेच चढलं. महाराष्ट्रात या धंद्यातलं मोठं नाव भोर इंडस्ट्रीजचं. पुणे जिल्ह्यातल्या जुन्या संस्थानाचं नाव लावणाऱ्या या कंपनीमुळे ‘रेक्झिन’ थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात जाऊन बसलं. पीव्हीसीची पूड, मऊपणाचे द्रव आणि रंग एकत्र मळून आधी कच्ची फिल्म लाटली जाते आणि मग ती कापडावर चढवली जाते. या मधल्या कच्च्या फिल्मवर अबकारी कर लागतो का, हा वाद होता. जी वस्तू बाजारात विकलीच जात नाही तिच्यावर असा कर लावता येत नाही, असं न्यायालयानं १९८९ मध्ये ठरवलं. करकायद्याचे विद्यार्थी तो निकाल आजही अभ्यासतात. त्यातला माल म्हणजे आपल्या बुडाखालची सीट असते, हे सहसा कुणी सांगत नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाटचं राज्य या पीव्हीसीच्या रेक्झिनवर चाललं. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि नंतर तिचंच प्रीमियर पद्मिनी हे रूप बाहेर पडलं. तिची सीट दिवसभरात किती जणांना वागवायची! घामानं भिजलेले शर्ट, ओल्या छत्र्या, मार्केटातली मासळी, दवाखान्यात निघालेलं आजारी पोर, पानाची पिंक चुकलेलं गिऱ्हाईक. पहाटे बादलीभर पाणी आणि फडकं घेऊन टॅक्सीवाला सीट पुसून काढायचा आणि धंद्याला लागायचा. रेक्झिन नसतं तर हे शक्यच नव्हतं.

पण रेक्झिन शिवून चढवलेलं असतं, आणि शिवण म्हणजे भोकांची रांग. सांडलेलं दूध वरून पुसलं गेलं, तरी थोडं त्या भोकांतून खाली उतरतंच. शिवाय पीव्हीसीतले मऊपणाचे द्रव उन्हानं हळूहळू उडून जातात. नव्या गाडीचा म्हणून जो वास लोक कौतुकानं घेतात त्यात यांचा वाटा असतो, आणि समोरच्या काचेवर आतून जो तेलकट थर साचतो त्यातही. हे द्रव कमी झाले की रेक्झिन ताठरतं, बसण्याच्या जागी तडकतं, आणि मग पाण्याला आत शिरायला मोकळी वाटच मिळते.

आत असे काय? जुन्या मोटारींत स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, त्यावर काथ्या, कापूस किंवा घोड्याचे केस. हे भरण ओलं झालं तर उसवून, उन्हात पसरून, झोडपून परत भरता येई. मग फोम आला. १९२९ मध्ये डनलॉप कंपनीत रबराचा चीक घुसळून, फेस आणून पहिला रबरी फोम बनला. जर्मनीत ओट्टो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचा शोध लावला आणि १९५०च्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात उतरला. हलका, स्वस्त, हव्या त्या आकारात ओतता येणारा हा माल मोटारवाल्यांनी लगेच उचलला. पण या फोमची छिद्रं एकमेकांत उघडणारी असतात. वरून आलेला थेंब त्यातून तळापर्यंत जातो आणि परत वर यायला फार वेळ घेतो. मधल्या काळात जिवाणू आणि बुरशी आपलं काम उरकतात.

याच काळात आपल्याकडे सरकारी ॲम्बेसेडरमध्ये एक वेगळी रीत रुजली: पांढरी सुती खोळ आणि पाठीवर टर्किश टॉवेल. तिचं कूळ इंग्रजी दिवाणखान्यातलं. लंडनच्या रोलंड यांचं मकासार तेल केसांना चोपडण्याची फॅशन एकोणिसाव्या शतकात आली, खुर्च्यांच्या पाठी तेलकट होऊ लागल्या, आणि त्यावर उपाय म्हणून पाठीवर धुता येणारा कापडाचा तुकडा टाकण्याची पद्धत पडली. तो तुकडा रेल्वेच्या पहिल्या वर्गातही पोचला. खोबरेल तेल लावणाऱ्या आपल्या देशात त्याला मरण नव्हतं. पांढऱ्या टॉवेलाकडे लोक साहेबी थाटाची खूण म्हणून बोट दाखवतात, पण सीटवरची घाण हटवण्याचा याहून शहाणा उपाय मोटारीच्या शंभर वर्षांत दुसरा निघालेला नाही. घाम आणि तेल सुतातच अडतं, सूत धोब्याकडे जातं. मुंबईत महालक्ष्मीला १८९० पासून धोबीघाट आहे. दगडी टाक्यांत कपडे आपटून, उकळून, नीळ देऊन वाळत घालण्याची तिथली पद्धत कुठल्याही फवाऱ्यापेक्षा जास्त वास काढते, कारण ती वास दाबत नाही, बाहेर काढून टाकते.

उलट रीतही आपल्याकडेच जोपासली गेली. नव्या गाडीच्या सीटवरचं पारदर्शक प्लास्टिक महिनोन्‌महिने न काढण्याची. मोठ्या कष्टानं, कर्ज काढून घेतलेली वस्तू जपण्याची ती माया आहे, ती समजते. पण प्लास्टिकखाली घामाची वाफ कोंडते आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत नवी कोरी सीट कुबट होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढच्या वर्षांत कापडी सीटा आणि एसीच्या बंद काचा सर्वसामान्यांच्या गाडीत आल्या, आणि हा कोंडलेला वास घरोघरचा विषय झाला.

मोटारीत वासावर वास चढवण्याचा धंदा मात्र दुधावरून सुरू झाला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन गावी दुधाचा ट्रक चालवणाऱ्या एकानं सांडलेल्या दुधाच्या वासाची तक्रार ज्युलियस झेमान या रसायनतज्ज्ञाकडे केली. झेमान यांचा सूचिपर्णी झाडांच्या सुगंधी तेलांचा अभ्यास होता. त्यांनी ते तेल जाड कागदात मुरवून १९५२ मध्ये झाडाच्या आकाराचं लटकन बाजारात आणलं. आरशाला टांगलेलं ते झाड जगभर पोचलं. आपल्या टॅक्सीत त्याच्या आधीपासून डॅशबोर्डावर उदबत्ती आणि झेंडूचा हार होताच. प्रसन्न वाटतं हे खरं, पण गादीतलं दूध जागच्या जागी असतं.

दूध, ओकारी, अंडं यांत प्रथिनं असतात. त्यावर गरम पाणी ओतणं ही घराघरात होणारी चूक: उष्णतेनं प्रथिन गोठतं आणि धाग्याला घट्ट धरतं. आधी गारच पाणी हवं. प्रथिनं तोडायला जर्मनीच्या ओट्टो रोम यांनी १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातले विकर (एन्झाइम) धुलाईत वापरण्याची कल्पना मांडली आणि ‘बर्नस’ नावानं ती विकली. १९६०च्या दशकात जिवाणूंपासून मिळणारे टिकाऊ विकर आले, तेव्हा ती खरी फळाला आली. आजच्या सीट-क्लीनरच्या अनेक बाटल्यांत याच विकरांची वंशावळ आहे. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेत फेब्रीझचा फवारा आला. त्यात स्टार्चपासून बनणारे कड्यांच्या आकाराचे रेणू वासाच्या रेणूंना पोटात घेतात. वास शोषून घेणाऱ्या कोळशाची विद्या युद्धानं पुढे नेली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचावासाठी मुखवट्यांत कोळसा भरला गेला, आणि त्यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम ठरला.

आपल्या स्वयंपाकघरांना यातलं बरंचसं आधीच ठाऊक होतं. मासळीचा वास आम्लानं जातो, म्हणून हाताला लिंबू चोळतात. त्या वासाचा अमाइन नावाचा रेणू आम्लाशी जोडला की हवेत उडत नाही. गाडीतही व्हिनेगरचं पातळ पाणी तेच करतं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, पण कडक ऊन दाखवलं की फिका पडत जातो. लग्नाहून परतताना सीटवर सांडलेल्या रश्श्याला हे ज्ञान जसंच्या तसं लागू आहे.

२६ जुलै २००५ ला मात्र कुठलंच घरगुती ज्ञान पुरलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माणसं गेली, त्यांतली काही बंद पडलेल्या मोटारींतच गुदमरली. हजारो गाड्या गटाराच्या पाण्यात बुडाल्या. पाणी ओसरल्यावर मागे उरला तो फोमात, गालिच्यात आणि त्याखालच्या नमद्यात बसलेला गाळ. ओला फोम एक-दोन दिवसांत बुरशी धरतो आणि जुलैत मुंबईला ऊन कुठून मिळणार? ज्यांनी वर शांपू चोळून एसी लावला त्यांच्या गाड्या पुढची कित्येक वर्षं पहिल्या पावसाला गटाराची आठवण देत राहिल्या. ज्यांच्या गाड्या वाचल्या त्या ‘कुशन वर्क्स’ची पाटी लावणाऱ्या कारागिरांमुळे. त्यांनी बोल्ट सोडवून सीटा बाहेर काढल्या, कव्हरं उसवली, गाळ निघेपर्यंत फोम साध्या पाण्यानं दाबून-दाबून धुतला, पंख्यांपुढे वाळवला आणि जो वाळेना तो सरळ फेकून नवा कापून बसवला. हे काम किचकट, घाणीचं आणि कमी मोलाचं, पण दुसरा इलाज नव्हता.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचा काळ २०२३ च्या ऑक्टोबरात संपला. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. आता रस्त्याकडेच्या कुशनवाल्यांच्या जोडीला डिटेलिंगची दुकानं आहेत. तिथलं यंत्र कापडात पाणी आणि क्लीनर फवारतं आणि त्याच दमात ते मळासकट ओढून घेतं, म्हणजे आत गेलेलं पाणी आत राहत नाही. पण बुडालेली सीट आजही सोडवावीच लागते, आणि ते पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. अनेक गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅग असते, बुडाखाली माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी बॅटरी सोडवायची, काही वेळ थांबायचं आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरींचे सॉकेट जपून काढायचे, हा धडा जुन्या कारागिरांची मुलं आता नव्यानं गिरवत आहेत.